नाचणारं बाळ तुमच्या गावात कसं पोचलं?

मिऱ्याकाठ
डायपर घातलेलं, टकलं, चा-चा-चा नाचणारं थ्रीडी बाळ. चाळिशी ओलांडलेल्यांना वेगळं सांगायला नको. 'मीम' म्हणजे काय हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हा हे बाळ रत्नागिरीत येऊन नाचत होतं. मारुती मंदिराकडच्या एका सायबर कॅफेत शिरलं की रांगेतल्या सगळ्या पडद्यांवर तेच. तासाचे पैसे मोजून बसायचं आणि आधी थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९६ साली ऑटोडेस्कच्या कायनेटिक्स या शाखेने 'कॅरेक्टर स्टुडिओ' नावाचं अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर काढलं. त्याबरोबर नमुन्याच्या ज्या फाइली होत्या त्यात हे बाळ होतं. लुकासआर्ट्समधल्या रॉन लुसियरने ती फाइल जरा बदलून सहकाऱ्यांना ईमेलने पाठवली. पुढे जॉन वुडेलने तिची आटोपशीर जिफ, म्हणजे आपोआप फिरत राहणाऱ्या चित्राची छोटी फाइल, बनवली आणि मग ते बाळ कोणाच्याच हातात राहिलं नाही. जानेवारी १९९८ मध्ये 'अ‍ॅली मॅकबील' या अमेरिकन मालिकेत नायिकेला ते भास म्हणून दिसायला लागलं. वय चाललंय, मूल कधी होणार, ही तिची धास्ती. अमेरिकेत ते घराघरात गेलं ते त्यामुळे. आपल्याकडे ती मालिका न बघितलेल्यांनाही बाळ माहीत होतं. इथे त्याला धास्ती वगैरे काही नव्हती. बाळ आहे, नाचतंय, संपलं.

तर प्रश्न दोन. तुमच्या गावात हे (किंवा असं दुसरं कुठलं) फिरतं चित्र पहिल्यांदा कसं पोचलं? आणि दुसरा, कोकणातून बाहेर गेलेलं असं एखादं चित्र आहे का?

माझं मत आधीच सांगतो. त्याला भाषा नव्हती, आवाज नव्हता, गोष्ट नव्हती, म्हणून ते घाट उतरून आलं. आजच्या मीमना समजून घ्यायला आधी दहा गोष्टी माहीत असाव्या लागतात.

तिठ्यावरचो
पयलो नंबर माझो. आता वाचतंय.

चाकरमानी_लालबाग
कसं पोचलं? आम्ही आणलं! फ्लॉपीत घालून.

१९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याच वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. माझ्या थोरल्या भावाच्या फोर्टमधल्या ऑफिसात इंटरनेट होतं. त्याने बाळ फ्लॉपीवर उतरवून घेतलं. १.४४ एमबीची फ्लॉपी, तिला जपणं म्हणजे केवढं काम. मोदकाचं साहित्य, मखराचा कागद आणि फ्लॉपी अशी बॅग घेऊन आम्ही कणकवलीला उतरलो. गावात मास्तरांच्या मुलाकडे कॉम्प्युटर होता, इंटरनेट नव्हतंच. गौरी येईपर्यंत अर्धी वाडी बघून गेली.

आजीला दाखवलं. ती जरा वेळ बघून म्हणाली, "अगो, त्या पोराक कायतरी खाऊक घाला. सकाळपासून नाचता हा ता."

घावनचटणी
आजी जिंकली. धागा इथेच बंद करा.

हापूसविरोधी
मला ते बाळ तेव्हाही आवडलं नव्हतं. डोळे बघा त्याचे. हसतंय की नाही तेच कळत नाही. आमच्या चुलतभावाने स्क्रीनसेव्हर म्हणून लावलं होतं. रात्री पाणी प्यायला उठावं तर पडवीतल्या अंधारात तो निळा उजेड आणि त्यात हे नाचतंय. त्यापेक्षा देवचार परवडला. तो निदान बिडी मागतो आणि जातो.

आणि मिऱ्याकाठ, "गोष्ट नव्हती म्हणून पोचलं" हे मला नाही पटत. तेव्हा दुसरं काही बघायलाच नव्हतं म्हणून पोचलं. पंगतीत एकच भाजी असली की सगळे तीच वाढून घेतात.

चौकटमोजणी
मी याच धंद्यातला. मूळचा चिपळूणचा, पुण्यात अ‍ॅनिमेशन करतो, म्हणून दोन शब्द.

बाळ नमुन्यात का ठेवलं होतं ते महत्त्वाचं आहे. त्या सॉफ्टवेअरचं वैशिष्ट्यच हे की नाच वेगळ्या फाइलीत आणि शरीर वेगळ्या फाइलीत. एका सांगाड्यासाठी बनवलेली हालचाल उचलून दुसऱ्या कुठल्याही आकृतीला लावता येते. चा-चा-चा मोठ्या माणसाचा, तो बाळाला लावला. म्हणूनच ते विचित्र दिसतं. बाळाच्या अंगात मोठ्या माणसाची कंबर! हापूसविरोधींना जी भीती वाटली तिचं कारण हेच आहे. आणि म्हणूनच लोकांनी लगेच दारुडं बाळ, सामुराई बाळ अशी पिल्लं काढली. बदल करून पुढे द्या हे त्या फाइलीच्या जन्मातच होतं.

आता जिफबद्दल. कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या चमूने हा प्रकार १९८७ मध्ये काढला, तो फोनच्या तारेवरून रंगीत चित्रं लवकर जावीत म्हणून. एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग. १९८९ च्या आवृत्तीत पारदर्शकपणा आला, आणि कुठली चौकट किती वेळ दाखवायची तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगता यायला लागलं. गंमत म्हणजे त्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की हा प्रकार अ‍ॅनिमेशनसाठी नाही, थोडंफार जमेल एवढंच.

मग गोल गोल फिरणं कुठून आलं? ते नेटस्केप कंपनीने घातलं, त्यांच्या नेव्हिगेटर या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९५ मध्ये. फाइलीत एक छोटा तुकडा, त्यात किती वेळा फिरायचं तो आकडा. शून्य लिहिलं की कायम. आजही फिरत्या जिफच्या पोटात 'नेटस्केप' हे नाव सापडतं. ब्राउझर कधीच गेला, नाव राहिलं.

सुरंगी
शून्य म्हणजे कायम. हे आमच्या साहेबांच्या मीटिंगला पण लागू आहे.

नमनखेळे
चौकटमोजणी, माहिती भारी. पण आम्ही कोकणातले लोक या फिरण्याला नवखे कुठे होतो? जाखडी बघा. मध्ये शाहीर, ढोलकी, झांज, भोवती पायात चाळ बांधलेल्यांचा फेर. तोच फेर, तीच पावलं, रात्रभर. त्या बाळाला आमच्याकडे 'बाल्या'च म्हणायचे, कारण जाखडीलाही बाल्या नाच म्हणतात. गणपतीत एकीकडे तो बाल्या आणि एकीकडे हा.

हातिसकर_नाही_हो
नमनखेळे, एक मिनिट. जाखडी आणि जिफ एक नाही. पावलं तीच असतील, पण शाहीर काय गातो? शक्तीवाल्याने सवाल टाकला की तुरेवाल्याने पुराणातला दाखला देऊन तो सोडवायचा, वर नवा सवाल टाकायचा. पहाटेपर्यंत प्रकरण कुठच्या कुठे गेलेलं असतं. गण होतो, गवळण होते, मग खरी लढत. फेर फिरतो पण गाणं पुढे जातं. बाळाचं तसं आहे का? ते पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पावलावर होतं त्याच पावलावर आहे.

नमनखेळे
मान्य अर्धं. गाणाऱ्याच्या जागेवरून तुमचं बरोबर. नाचणाऱ्याच्या जागेवरून माझं. मी फेरात नाचलोय, शाहीर काय म्हणतोय ते दुसऱ्या तासानंतर कानात शिरत नाही. पाय आपोआप पडतात. तीच तर नशा.

चौकटमोजणी
दोघांच्या मध्ये पडतो. अ‍ॅनिमेशनमध्ये शेवटची चौकट आणि पहिली चौकट यांचा सांधा दिसू नये यासाठी जीव काढतात. बाळात तो सांधा बराच चांगला लपलाय. सांधा दिसला की डोळा मोजायला लागतो, "हां, पुन्हा सुरू झालं." दिसला नाही की माणूस बघतच बसतो. जाखडीत फेराला सुरुवातच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

लूप_लागली
सगळे काका-मामा लोक बाळावरच अडकलेत. आमच्या वयाचं म्हणाल तर न्यान कॅट. पॉप-टार्टचं (अमेरिकेतला चौकोनी गोड खाऊ) अंग असलेली राखाडी मांजर, मागे इंद्रधनुष्य, अंतराळात उडत जाते, कुठे जाते कोणाला माहीत नाही.

एप्रिल २०११. डॅलसच्या क्रिस टॉरेसने काढलेली. रेड क्रॉसच्या मदतीसाठी तो ऑनलाइन लोकांच्या सांगण्यावरून चित्रं काढत होता. कोणी म्हणालं पॉप-टार्ट काढ, कोणी म्हणालं मांजर काढ, याने दोन्ही एकत्र केलं. नंतर त्याची जिफ केली. काही दिवसांत कोणीतरी तिला एक जपानी गाणं जोडून यूट्यूबवर टाकलं. गाण्यात 'न्या न्या न्या' एवढंच, म्हणजे जपानी म्यांव. आणि तेही माणसाचा आवाज नाही, सॉफ्टवेअरने गायलेलं. म्हणजे चित्र अमेरिकेचं, गाणं जपानचं, जोडणारा तिसराच.

मी हे मालवणात शाळेत असताना बघितलं, मित्राच्या मोबाइलवर. मेमरी कार्डावरून ब्लूटूथने. चाकरमानी काकांची फ्लॉपी तशी आमची ब्लूटूथ.

अण्णा_देवगडवाले
त्या मांजरीला म्हणे कोणीतरी पैसे दिले. पुतण्या सांगत होता, मी म्हटलं थापा मारतोस.

लूप_लागली
नाही अण्णा, खरंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये टॉरेसने तिची एनएफटी, म्हणजे डिजिटल मालकीची नोंद, विकली, ३०० इथर या आभासी चलनात. तेव्हाच्या भावाने साधारण ५.९ लाख डॉलर.

अण्णा_देवगडवाले
म्हणजे चार कोटींच्या वर! ज्याने घेतली त्याला काय मिळालं? मांजर तर सगळ्यांच्या फोनात फुकट आहे.

घावनचटणी
सातबारा मिळाला, अण्णा. कब्जा जगाचा, नाव त्याचं.

अण्णा_देवगडवाले
हे मात्र पटकन समजलं. आमच्या सामायिक बागेचं तेच आहे.

हॅम्स्टरप्रेमी_गुहागर
हॅम्स्टर डान्स कोणीच कसा काढला नाही? कॅनडातल्या डीड्रे लाकार्ट नावाच्या कलाशाखेच्या विद्यार्थिनीने १९९८ मध्ये जिओसिटीज या फुकट वेबपानं देणाऱ्या साइटवर पान बनवलं. बहीण आणि मैत्रिणीशी पैज, कोणाच्या पानावर जास्त लोक येतात. चारच प्रकारचे हॅम्स्टर, पण ओळीने शेकड्यांनी नाचणारे, आणि मागे पळवलेलं गाणं. आधी कोणी फिरकेना, मग एकदम हजारोंनी लोक. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते पान उघडलं की सगळा कॉम्प्युटर बसायचा. सरांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं: "उंदीर उघडू नयेत."

सुरंगी
तुम्ही सगळे परदेशी प्राण्यांत रमलात. आपल्याकडे जिफ खऱ्या अर्थाने रुजली ती ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमाच्या स्क्रॅपमध्ये, म्हणजे एकमेकांना पाठवायच्या संदेशांत. चमचमणारं गुलाब, डोळे मिचकावणारं अस्वल, 'शुभ दीपावली'वर पडणारी चांदीची पावडर. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं तरी ती चमचम मेली नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर राहायला आली. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा फुकटासारखा झाला, आणि आमच्या 'पाटपन्हाळे परिवार' ग्रुपवर पहाटे साडेपाचपासून समई पेटायला लागली. ज्योत हलते, गणपती डोळे उघडतो, पुन्हा मिटतो, पुन्हा उघडतो.

२०१८ च्या सुरुवातीला बातमी आली होती. भारतातले फोन का अडकतायत हे गूगलची माणसं शोधत होती, तर एक कारण निघालं आपली सुप्रभात. त्यांना ही चित्रं ओळखून पुसायची सोय अ‍ॅपमध्ये करावी लागली. आमच्या मावशीला मी ती सोय दाखवली. तिने विचारलं, "देवाचे फोटो पुसायचे?" विषय संपला.

चौकटमोजणी
बारीक दुरुस्ती. व्हॉट्सअ‍ॅपवर जी 'जिफ' म्हणून जाते ती बहुतेक वेळा जिफ नसते, बिनआवाजाचा छोटा व्हिडिओ असतो. तेवढ्याच दृश्याची जिफ कितीतरी जड होते.

हापूसविरोधी
म्हणजे सगळी चळवळच बोगस.

चौकटमोजणी
फाइल बदलली, सवय नाही. लोक आता कुठल्याही छोट्या बिनआवाजी फिरत्या तुकड्याला जिफ म्हणतात.

मध्यस्थ
सूचना: जिफ म्हणायचं की गिफ यावर इथे चर्चा नको. त्यावर जुना धागा आहे, तो कुलूपबंद करावा लागला होता, का ते जुन्या सभासदांना माहीत आहे.

तिठ्यावरचो
गिफ.

मध्यस्थ
तिठ्यावरचो यांना ताकीद.

फणसाचा_गरा
सगळ्यात टिकाऊ जिफ तुम्ही विसरलात. सरकारी संकेतस्थळावर लाल-पिवळी लुकलुकणारी 'न्यू'. कुठल्याही भरतीचं, निविदेचं पान उघडा. दहा वर्षांपूर्वीच्या परिपत्रकापुढे ती अजून लुकलुकतेय. कर्मचारी निवृत्त झाले, कार्यालय नव्या इमारतीत गेलं, परिपत्रक रद्द झालं, 'न्यू' मात्र न्यूच.

दुसरी, पिवळी टोपी घालून खोदणारा माणूस, 'अंडर कन्स्ट्रक्शन'. जुन्या वेबसाइटींवर असायचा. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा काही उत्साही लोकांनी त्यातलं जमेल तेवढं वाचवून ठेवलं, आणि इंटरनेट आर्काइव्हने २०१६ मध्ये त्यातल्या जिफ शोधायची सोय केली, 'गिफसिटीज' नावाने. तिथे हे खोदणारे ढिगाने सापडतात.

घावनचटणी
तिथे कशाला जायचं? मुंबई-गोवा महामार्गाने या. खोदणारा माणूस प्रत्यक्ष बघायला मिळेल. तोही शून्यावर सेट केलेला आहे.

चाकरमानी_लालबाग
वडखळच्या आधी की नंतर?

हातिसकर_नाही_हो
पळस्पे ते झाराप, कुठेही थांबा.

अण्णा_देवगडवाले
हसून झालं असेल तर मी एक बोलतो. मला बाळ, मांजर काही माहीत नाही. मी रोज एकच फिरतं चित्र बघतो, हवामान खात्याचं. उपग्रहाचं ढगांचं आणि रडारचं. डिसेंबर-जानेवारीत मोहर फुटलेला असताना अवकाळी आली तर फवारणी वाहून जाते, वर करपा आणि भुरी हे रोग. औषधाचा खर्च बघता एक फवारणी वाया जाणं म्हणजे काय ते बागायतदाराला विचारा. एक फोटो बघून काही कळत नाही. दहा फोटो एकामागून एक फिरवले की ढग कुठून कुठे सरकतायत, दाटतायत की विरतायत, ते दिसतं. माझ्यासाठी जिफ म्हणजे ती. नातवंडं म्हणतात आजोबा काय तेच तेच बघताय.

हर्णैबंदर
अण्णांच्या बोलण्याला जोडून. आमचं घर मासेमारीवालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, दापोली-मंडणगडची काय दशा झाली ते इथल्या अनेकांनी भोगलंय. माड, पोफळी, छपरं, खांब. त्यानंतर आमच्याकडे ढगांची फिरती चित्रं सगळेच बघायला लागले. पोरंसोरंपण.

पण त्यातूनच एक रोग आला. मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं, नौका बंदरात ओढून ठेवलेल्या. तेव्हा गावच्या ग्रुपवर एक भयानक चित्र फिरायला लागलं. भलामोठा डोळा, गरगरतोय, खाली 'आत्ताचं, रत्नागिरीजवळ'. बायका रडायला लागल्या. आमचे एक काका, जुने तांडेल, चष्मा लावून बघत राहिले आणि म्हणाले, "ह्ये आपलं नव्हं. ह्ये उलटं फिरतंय."

खरंच. ते वादळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होतं. आपल्या बाजूची, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेकडची चक्रीवादळं घड्याळाच्या उलट फिरतात. काट्यांच्या दिशेने फिरणारं म्हणजे दक्षिण गोलार्धातलं, ऑस्ट्रेलियाकडचं किंवा मादागास्करकडचं, किंवा मग कोणी चित्र आरशातल्यासारखं उलटं केलेलं. कुठलं होतं ते देव जाणे, पण अरबी समुद्रातलं नव्हतं.

मिऱ्याकाठ
हर्णैबंदर, हे मला धाग्याच्या मूळ प्रश्नापाशी आणतं. मी म्हणालो होतो की गोष्ट नसल्यामुळे बाळ इतकं लांब आलं. तुमच्या वादळाचंही तेच झालंय. फिरत्या चित्राला सुरुवात नाही, शेवट नाही, त्यामुळे ते केव्हाचं हे त्याच्यावरून कळत नाही. बाळाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. फणसाचा_गरा यांच्या 'न्यू'च्या बाबतीत हसायला येतं. वादळाच्या बाबतीत लोक रात्रभर जागे राहतात. करामत तीच आहे.

हापूसविरोधी
यात फिरण्याचा दोष कसा? साधे फोटोपण जुने फिरतात. दर जुलैला चिपळूणच्या २०२१ च्या पुराचे फोटो आणि व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून येतात. बहादूरशेख नाक्यावर माणूस कोरडा उभा राहून फोनवर स्वतःच्या शहराचा पूर बघतो.

चौकटमोजणी
दोष एकट्या फिरण्याचा नाही, पण फिरणं त्याला मदत करतं. साध्या व्हिडिओत कुठेतरी आवाज असतो, कोणी बोलतं, कॅमेरा हलतो, शेवटी दुकानाची पाटी दिसते. फिरत्या तुकड्यातून हे सगळं छाटलेलं असतं. तीन सेकंद, आवाज नाही, आगापिछा नाही. छान लूप बनवायचं तर जे जे वेळ दाखवतं ते कापावंच लागतं. आम्ही मुद्दाम कापतो. सावली सरकलेली दिसली तरी सांधा उघडा पडतो.

अण्णा_देवगडवाले
खात्याच्या मूळ चित्रात तसं नसतं. उपग्रहाच्या प्रत्येक चौकटीवर तारीख आणि वेळ छापलेली असते. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असेल तर साडेपाच तास मिळवायचे, आपली वेळ मिळते. फॉरवर्डवाले नेमकी तीच पट्टी कापतात. त्यामुळे आमच्या घरात नियम आहे, पट्टी नसलेलं ढगाचं चित्र बघायचं नाही. खात्याच्या साइटवर जाऊन स्वतः उघडायचं. आमच्याकडून मुंबईपेक्षा गोव्याचं रडार जवळ पडतं, दापोलीवाल्यांनी मुंबईचं बघावं.

हर्णैबंदर
हे आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावतो, अण्णा. तुमचं नाव घालू का?

अण्णा_देवगडवाले
नाव नको. आंब्याचं गिऱ्हाईक पाठवा.

कळसूत्री
उशिरा आलो. दुसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, कोकणातून बाहेर काय गेलं. मी कुडाळकडचा. आमच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. कागदावर रंगवलेली चित्रं एकेक करून दाखवायची आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. आता ही चित्रं जगभरच्या लोकांनी बघितलीत. पण ती हलत नाहीत, हलते ती कथा. कोणी तरुणाने त्यातल्या एका हनुमानाला उडता करून फोनवर फिरवलं तर काय होईल, याचा विचार करतोय. जाईल लांबवर. पण बरोबर गाणारा जाणार नाही.

हातिसकर_नाही_हो
हेच तर मी जाखडीबद्दल म्हणत होतो.

लूप_लागली
गाणारा नाही गेला तरी चालेल असं मला वाटतं. न्यान कॅटलाही गाणं नंतरच मिळालं, आणि ते दुसऱ्याच देशातलं होतं. हनुमान उडत जपानला पोचला तर तिथला कोणीतरी त्याला गाणं देईल.

कळसूत्री
आणि ते गाणं ऐकून आमच्या गावची म्हातारी मंडळी मला गावाबाहेर काढतील.

लूप_लागली
पण मग गावाचं नाव जगाला कळेल ना?

कळसूत्री
कळेल? बाळ कुठल्या गावचं ते मिऱ्याकाठांनी सांगेपर्यंत तुला माहीत होतं का? रत्नागिरीत त्याला बाल्या म्हणायचे. उद्या हनुमानालाही तिकडे कोणीतरी आपलं नाव देईल. माझी हरकत उडवण्याला नाही. खालच्या कोपऱ्यात 'पिंगुळी' लिहून उडवा, आणि ती पट्टी कोणी कापणार नाही याची हमी द्या. अण्णांच्या ढगांची पट्टी कापतात तर आमची सोडतील?

चौकटमोजणी
कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं. नाव चित्राच्या आतच रंगवायचं, शेपटीवर, पताकेवर, जिथून कापलं तर चित्रच जाईल. मला रंगवलेले मूळ कागद नीट स्कॅन करून मिळाले, आणि ज्यांचे आहेत त्यांची परवानगी असली, तर मी करून देतो. पैसे नकोत. पण आधी कलाकारांशी बोला, ते नको म्हणाले तर विषय तिथेच सोडू.

कळसूत्री
गणपतीत गावी आहे. विचारून सांगतो.

नमनखेळे
चौकटमोजणी, तुमचा हात मोकळा असेल तर शिमग्याच्या आधी संकासुराचं पण बघा. काळा पोशाख, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. आमच्या मंडळाच्या ग्रुपला हवाय. तीन पावलांत उडी मारून परत जागेवर, सांधा न दिसता. व्हिडिओ मी पाठवतो.

घावनचटणी
आणि शून्यावर सेट करा. शिमगा सरल्यावर पण नाचू दे.

तिठ्यावरचो
माका पण पाठवा. गिफ.

मध्यस्थ
तिठ्यावरचो यांचं खातं सात दिवसांसाठी गोठवण्यात आलं आहे. संकासुराच्या कामासाठी वेगळा धागा काढा, व्हिडिओचा दुवा तिथेच द्या.